फुकटच्या चार्जरपायी

मित्रांनो, मी एक जुना मेन स्विच आहे. लोखंडी पेटी, उजव्या अंगाला वर-खाली होणारी दांडी आणि पोटात चिनीमातीचे दोन फ्यूज, एवढाच माझा संसार. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना फार गोड बोलतात, असं मी ऐकून आहे. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. मी मेटाकुटीला आलेलो आहे. का आलोय ते ऐकलंत, तर तुम्हीही कपाळावर हात माराल.

माझा जन्म गुजरातेतल्या एका कारखान्यात झाला. डहाणूच्या खाडीकाठी गणूकाकांच्या घरात वीज आली, तेव्हा मला पडवीच्या भिंतीवर ठोकलं. त्यांची बायको वेणूकाकी तेव्हा नवी नवरी होती. तिने मला हळदकुंकू लावलं, पुढ्यात नारळ फोडला आणि दांडी वर केली. घरात पिवळा दिवा लागला. आळीतली माणसं बघायला जमली. गणूकाका छाती पुढे काढून म्हणाले, "लोखंडी आहे, लोखंडी! नातवंडांपर्यंत हलायचा नाय." माझं जे काही कौतुक झालं, ते त्या दिवशी. पुढे माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

घरात पंखा आला, टीव्ही आला, फ्रीज आला, बोअरची मोटार आली. सगळा भार माझ्या डोक्यावर. वर खाडीचा खारा वारा, त्याने अंगाला गंज चढला. तरी मी इमानेइतबारे काम केलं. कुणी जास्त वीज ओढली, की फ्यूजमधली बारीक तार जाळून घ्यायची आणि घर वाचवायचं, हे माझं काम. पण दर वेळी तार बदलायचा काकांना कंटाळा. एके दिवशी त्यांनी चांगली जाडजूड तार आत कोंबली आणि म्हणाले, "आता बघतो कसा जातो!" अहो काका, जायलाच हवा ना मी! वेळेवर जाण्यासाठीच तर मला भिंतीवर बसवलाय! पण स्विचचं ऐकतो कोण?

असो. आता मुख्य गोष्टीकडे येतो.

गणूकाकांची बोट आणि वेणूकाकीची पाटी यांवर हे घर उभं राहिलं. काकी अंगणात बोंबील सुकवते, मासे खारवते आणि तलासरीच्या आठवडा बाजारात नेऊन विकते. तिथे तिची ठरलेली गिऱ्हाइकं आहेत. पाड्यावरची रूपी तर काकी येईपर्यंत दुसऱ्या कुणाकडे सुकटाला हातसुद्धा लावत नाही. पण तलासरीपर्यंत पोचायचं म्हणजे दिव्य. जीपवाला म्हणणार, "मावशी, वास मारतो. पाटी टपावर टाक आणि तू मागे दाराशी बस." घोलवडच्या चिकूच्या खोक्याला मधली ऐसपैस जागा, आणि जन्मभर मासळी विकून घर चालवणाऱ्या बाईला दाराशी अर्धं बूड टेकायची मारामार! काकी घरी येऊन पाटी आदळायची, त्या आवाजावरून सगळ्यांना कळायचं.

तिचा मुलगा जतीन बोईसरला कारखान्यात कामाला आहे. एक दिवस त्याने वापीहून जुनी इलेक्ट्रिक गाडी आणून अंगणात उभी केली आणि म्हणाला, "आई, आजपासून कुणाची बोलणी खायची नाहीत. पुढच्या सीटवर बसून बाजाराला जायचं." काकीने पदर डोळ्यांना लावला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

गाडी विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या पायाशी नेली. हार घातला, चाकाखाली लिंबं चिरडली. पेढे आळीभर वाटले. सगळ्यांना सगळं सुचलं. फक्त ही गाडी घरी चार्ज कशी करायची, हे एकानेही माझ्याकडे बघून विचारलं नाही!

जुन्या मालकाने गाडीबरोबर चार्जर फुकट दिला होता. म्हणजे एक लांब वायर, मध्ये डबी, त्या डबीवर दिवा. जतीनने तो मोटारीच्या प्लगला लावला. दिवा लाल. पुन्हा लावला. पुन्हा लाल. लगेच सगळे माझ्या नावाने शंख करायला लागले. "हा खटारा जुना झालाय." "याच्यातूनच वीज कमी येते." वा रे वा! फ्रीज चालतो, मोटार चालते, तेव्हा मी कुणाला खटारा वाटलो नव्हतो.

शेवटी जतीनची बायको हेमाली म्हणाली, "बाबा, आपण अंदाज लावत बसण्यापेक्षा जिग्नेशभाईंना बोलावू या." जिग्नेशचं मसोलीला विजेच्या सामानाचं दुकान आहे. तो आला, माझं झाकण उघडलं, जाड तार बघून "अरे राम" म्हणाला. मग त्याने माझ्या बुडाखाली हात घालून चाचपडलं आणि विचारलं, "काका, याच्या अर्थिंगची तार कुठाय? मेन स्विचपासून जमिनीत जाते ती?"

काकी अंगणाकडे बघायला लागली. जिग्नेशने तिची नजर जाते तिकडे पाहिलं. बोंबील वाळत घालायची बांबूंची वलांडी अंगणात उभी होती, आणि तिचे बांबू ज्या लोखंडी तारेने करकचून बांधले होते, ती माझी तार! तिच्यावर बोंबील तोंडात तोंड अडकवून आरामात लटकत होते.

"काका, तुम्ही अर्थिंग काढून वलांडी बांधली?"

"मग? ती करत काय होती?" काका उलट तावातावाने म्हणाले. "नुसती भिंतीवरून खाली जमिनीत गेलेली. दिवा लागत नाय, पंखा फिरत नाय. बसून खात होती ती! मी तिला कामाला लावली."

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं ना, तर मी आख्ख्या खाडीला ऐकू जाईल असा ओरडलो असतो. कुठे वीज भलतीकडे शिरली, तर तिला माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जायला जी वाट असते, ती ही तार. चार्जरला ती सापडली नाही, म्हणून तो लाल दिवा दाखवत होता. त्याचं बरोबर होतं. घरात शहाणा तो एकटाच.

जिग्नेशने समजावलं. नवीन अर्थिंगचा खड्डा, गाडीपर्यंत जाड केबल, विजेचा मंजूर भार वाढवून घ्यायचा, आणि मला काढून माझ्या जागी नवा बोर्ड. सगळं मिळून चाळीस हजारांच्या घरात जाईल, असं तो म्हणाला.

"फुकटच्या चार्जरला चाळीस हजार?" काका ताडकन उठले. "अरे, गाडी पळते विजेवर का नोटांवर? चाळीस हजारांत माझी नवी जाळी येतील!"

"बाबा, मी हप्त्याने देतो," जतीन म्हणाला.

"तुझ्या बापाला अक्कल नाय काय? थांब, मी करतो काहीतरी."

"एम नी चाले, काका!" वैतागला की जिग्नेश गुजरातीवर यायचा. "असं नाही चालायचं. विजेशी मस्करी करू नका."

पण काकांनी जन्म बोटीवर काढलेला. बोटीच्या इंजिनवर बारा व्होल्टची बॅटरी असते. तिथे दिवा लावायचा तर एकच तार ओढतात, दुसरी सरळ इंजिनच्या लोखंडाला जोडतात. दिवा लागतो, कुणाला झटका बसत नाही. काकांना वाटलं, बोट काय आणि घर काय, वीज ती वीज. घरात दोनशे तीस व्होल्ट असतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांनी एक जोडबोर्ड, म्हणजे वायरवाला एक्स्टेन्शन बोर्ड, घेतला. टेस्टर लावून कुठली तार गरम, म्हणजे वीज आणणारी, आणि कुठली थंड ते पाहिलं. मग प्लगमधली अर्थिंगची मोठी पिन आतल्या आत थंड तारेला जोडून टाकली. चार्जर लावला. त्याला वाटलं, जमिनीची वाट सापडली. दिवा हिरवा!

"बघ! चाळीस हजार वाचवले," काका म्हणाले. आळीत दहा ठिकाणी सांगून आले. हेमाली तेवढी कुरकुरली, "बाबा, तो लाल दिवा कशासाठी होता मग?" मला उत्तर माहीत होतं. मी काय करणार? मी आपला भिंतीवर दातओठ खात बसलो.

काकी तलासरीला गाडीतून जाऊन आली. पुढच्या सीटवर. रूपीने म्हणे गाडीला हात लावून पाहिला आणि विचारलं, "काकी, तुझी?" काकीने त्या दिवशी पाटी आदळली नाही. चक्क गुणगुणत होती. एवढ्याचसाठी तर सगळा खटाटोप होता.

मग ऊन चढायला लागलं. गाडी माडाच्या सावलीत उभी करायची ठरली, तर जोडबोर्डाची वायर पोचेना. काकांनी वायर मध्ये कापली, दुसरा तुकडा जोडला, वरून पट्टी गुंडाळली. खाऱ्या हवेने तारांचे रंग उडालेले. कुठली लाल, कुठली काळी, देवाला ठाऊक. टेस्टर कुणाकडे तरी गेला होता. बोटीवर अंदाजाने जोडतात तशी काकांनी अंदाजाने जोडली. उलटी जोडली. आता गरम तार मोठ्या पिनेत गेली आणि मोठ्या पिनेतून गाडीच्या सगळ्या पत्र्यात. चार्जरला काय कळणार? त्याला ठकवूनच ठेवलं होतं. दिवा हिरवाच.

जतीनच्या पायात बूट. काका आणि हेमाली चपला घालून वावरायची. कुणाला काही जाणवलं नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी काकी अनवाणी अंगणात आली. खारवलेल्या माशांची पाटी कमरेवर, पाटीतून खारं पाणी ठिबकतंय, हात कोपरापर्यंत ओले. गाडी अजून चार्जिंगला लावलेली. काकीने डिकी वर केली आणि पाटी आत सरकवताना डिकीच्या लोखंडी कडीला हात टेकला.

ती ओरडलीसुद्धा नाही. आखडली, आणि पाटीसकट मागे पडली. मासे मातीत. काका धावले आणि तिला उचलायला गाडीचाच आधार घ्यायला निघाले.

"बाबा! गाडीला हात लावू नका! कुणीच लावू नका!" हेमाली किंचाळली. पडवीत धावत आली आणि माझी दांडी धरून सगळ्या ताकदीने खाली ओढली. गंजलो होतो मी, पण खाली आलो. घर बंद पडलं.

मित्रांनो, आता नीट ऐका. काकीच्या अंगातून वीज गेली, तेव्हा माझा फ्यूज जळला नाही. जाड तार होती म्हणून नव्हे. बारीक असती तरी जळली नसती! तारेला घाम फुटायला जेवढी वीज लागते, त्याच्या कितीतरी कमी विजेत माणूस मरतो. मी घराला आग लागू नये म्हणून बनलोय. माणसाला वाचवणं मला येतच नाही. काकी आखडलेली मी बघत होतो, आणि माझ्या पोटातली तार खुशाल थंड होती. याच्याइतका संताप मला जन्मात आला नव्हता.

काकी वाचली, कारण ती मागे पडली आणि हात सुटला. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवली. संध्याकाळी पडवीत बसली होती, तळहातावर काळा डाग. काका तिच्यासमोर मान खाली घालून बसले होते. म्हणाले, "वेणू, मला वाटलं पैसे वाचतील."

काकी शांतपणे म्हणाली, "अहो, जीपवाला मला नुसतं बोलायचा. जिवावर नाय उठला कधी."

काका उठले. जिग्नेशला स्वतः फोन केला. दुसऱ्या दिवशी खड्डा खणायला त्यांनी मजूर लावू दिला नाही. पहार घेऊन स्वतः खणला, वाळूत पाणी लागेपर्यंत. जिग्नेश "बस झालं काका" म्हणाला, तरी खणत होते. जाळ्यांसाठी ठेवलेले पैसे काढून दिले. खर्च काही कमी झाला नाही. जिग्नेशने सांगितला होता तेवढाच झाला, वर डॉक्टरचं बिल.

मग जिग्नेशने माझे स्क्रू काढले. माझ्या जागी पांढरा, गुळगुळीत बोर्ड बसला. तरी आमच्या काकांची खोड बघा! मला उचलून पिशवीत घातलं आणि म्हणाले, "लोखंड चांगलं आहे. बोटीवर कामाला येईल."

बोटीवर! मी पिशवीतल्या पिशवीत कपाळ बडवून घेतलं.

आज बाजाराचा दिवस आहे. वेणूकाकीने ती पिशवी गुपचूप उचलली आणि डिकीत, पाटीशेजारी टाकली. तलासरीत भंगारवाला बसतो. आत्ता मी बोंबलांच्या वासात पडून तुमच्याशी बोलतोय. काकी पुढच्या सीटवर आहे. पडवीतून काकांचा आवाज येतोय, "अगं, इथली पिशवी कुठे गेली?" आणि काकी म्हणतेय, "जतीन, काढ गाडी."

जुन्या वस्तूंना जपा, असं सांगून अशी कहाणी संपवायची रीत आहे. मी नाही सांगणार. मला जपून काय करायचंय? माझ्या जागी भिंतीवर जे बसलंय, त्यात एक छोटा खटका आहे. वीज माणसाच्या अंगात शिरली, की डोळ्याचं पातं लवायच्या आत तो आपोआप पडतो. कुणी धावत येऊन दांडी ओढायची वाट बघत नाही. तसला खटका तुमच्या घरात आहे का, ते आज घरी जाऊन बघा, कळलं नाही तर वायरमनला विचारा. नसेल, तर आधी घरच्यांच्या मागे लागून तो बसवून घ्या. गाडी मग आणा.