ग्रिल रूमची भिंत

कोरिन टॉलिव्हरने गुडघे टेकले, गालिच्याचा कोपरा दोन्ही हातांनी धरला आणि जोर लावून उचकटला. खालून दुसरा गालिचा निघाला. तोही हिरवाच, तसल्याच चौकड्यांचा. त्याच्याखाली तिसरा. सिगारचा, सांडलेल्या व्हिस्कीचा आणि ओल्या बुटांचा मिळून असा काही वास वर आला की तिने तोंड फिरवलं.

आर्किटेक्ट ओबरमायर हसला. जुना गालिचा काढून टाकावा असं कुणाच्या मनातच आलेलं दिसत नाही, म्हणाला. नवा आणायचा तो अगदी तस्साच, आणि वर अंथरायचा.

"मनात कसं येईल?" कोरिन म्हणाली. "पायाखाली काहीतरी बदललंय असं वाटलं असतं ना बिचाऱ्यांना."

सोमवारी क्लब बंद असायचा, म्हणूनच ती या खोलीत शिरू शकली होती. एरवी ग्रिल रूम फक्त पुरुषांची. गॉल्फच्या शेवटच्या हिरवळीकडे बघणारी, सगळ्या इमारतीतली एकमेव धड खिडकी इथे होती. बायकांनी भिंतीपलीकडच्या जेवणघरात बसायचं आणि उभ्या मोटारींकडे बघत सॅलड खायचं. नवऱ्याशी काही काम निघालं तर वेटरकडे निरोप द्यायचा आणि बोळात ताटकळत राहायचं. चौऱ्याण्णव साल उजाडलं होतं, ओहायोच्या त्या गावात एक बाई न्यायाधीशसुद्धा झाली होती. तीही याच बोळात उभी राहायची.

नूतनीकरणाच्या समितीचं अध्यक्षपद कोरिनने मागून घेतलं होतं ते ही मधली भिंत पाडण्यासाठी. बाकी सगळं तिला तोंडी लावण्यापुरतं होतं. आधी सभासदांचं ऐकून घ्या, असा ओबरमायरचा सल्ला होता. तिने ऐकून घेतलं आणि तिला वीट आला. कुणाला बार लांब हवा होता, कुणाला आपल्या आजोबांचं कपाट जागचं हलायला नको होतं. एका गृहस्थाने मुताऱ्यांच्या उंचीवर पाऊण तास घेतला. पाऊस झाला की स्वयंपाकघरातलं गटार उफाळायचं आणि आचारी फळ्यांवर उभे राहून सूप ढवळायचे. तेच सूप ही मंडळी मिटक्या मारत पीत, पण त्या गटाराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

गुरुवारी सभासदांची सभा होती. ओबरमायरने असले बरेच क्लब बांधून काढले होते. सभा सभेत जिंकता येत नाही, असं त्याने तिला बजावलं होतं. एक म्हातारा गाठायचा, तो वळला की बाकीचे वळतात. इथला म्हातारा म्हणजे हॉलिस प्रुएट. माजी अध्यक्ष, आणि तिच्या नवऱ्याचा पत्त्यांतला भिडू. त्याला तिने आज इथेच बोलावलं होतं, मुद्दाम.

खिडकीजवळच्या त्या टेबलाकडे बघायचं ती टाळत होती. काही वर्षांपूर्वी तिचा नवरा, रस, तिथेच कोसळला होता. ती तेव्हा भिंतीपलीकडे मैत्रिणींबरोबर कॉफी पीत होती. वेटरने येऊन कानाशी सांगितलं, जरा बोळात येता का. ती धावली. चौघांनी रसला खुर्चीसकट उचलून दाराबाहेर आणलं आणि बोळातल्या गार फरशीवर निजवलं. तोवर त्याची वाचा गेली होती. ॲम्ब्युलन्स यायच्या आत तो गेला. मरणाऱ्या माणसाला त्यांनी उचलून बाहेर आणलं, पण त्याच्या बायकोला आत घेतलं नाही. पुढे त्या चौघांपैकी कुणी क्लबमध्ये भेटला, गालाला गाल लावायला वाकला, की तिच्या अंगावर पाल पडल्यासारखं व्हायचं. ती हसून गाल पुढे करायची.

हॉलिस आला. तिला आत बघून उंबऱ्यातच थबकला. हातातली टोपी त्याने दोनदा फिरवली.

खोली त्याची, "ये ना आत" असं खरं तर त्याने म्हणायचं, तर तीच म्हणाली, "या ना, हॉलिस. बसा."

ओबरमायर मापं घ्यायला म्हणून पलीकडे सटकला. हॉलिस आपल्या ठरलेल्या खुर्चीत बसला. उचकटलेल्या गालिच्याकडे त्याने असं पाहिलं, जणू कुणी त्याचा सदरा वर करून पोट उघडं टाकलं होतं. मग बराच वेळ तो हवापाण्यावर बोलला, गुडघ्यावर बोलला. तिने बोलू दिलं.

शेवटी तो मुद्द्यावर आला. भिंत पडणार हे त्याला कळून चुकलं होतं. जुनी मंडळी एकेक करून चाललीत आणि नवी येतात ती बायकापोरांना घेऊन, हेही. सभेत तो भिंत पाडण्याच्या बाजूने हात वर करणार होता. त्याचं मागणं एकच होतं: नव्या मोठ्या खोलीला रसचं नाव द्यावं. टॉलिव्हर रूम. ठराव तो स्वतः मांडणार होता.

कोरिनला हे अपेक्षित नव्हतं. तिने घासाघिशीची तयारी केली होती, दोन-चार तिखट वाक्यंही जिभेवर आणून ठेवली होती. ती गिळताना तिचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला रागही आला. पण नाव तिला आवडलं. याच खोलीत, त्याच खिडकीपाशी, रसच्या नावाखाली आपण बसायचं.

"आवडेल मला," ती म्हणाली.

हॉलिसचा जीव भांड्यात पडला. तो मागे रेलला, आणि मन हलकं झालेली माणसं बोलतात तसा बोलू लागला.

"फार मोठा माणूस होता तो, कोरिन. शेवटपर्यंत. त्या दिवशी डॉक्टर लँग म्हणत होता, हलवू नका याला. मी दारापर्यंत पोचलोसुद्धा होतो, तुला हाक मारायला."

"मग?"

"रसने हटकलं. जीभ जड झाली होती, पण कळत होतं काय म्हणतोय ते. म्हणाला, इथे नको तिला. मला बाहेर न्या." हॉलिसने डोळे टिपले. "अशा वेळीसुद्धा क्लबचा मान राखला त्याने. आम्ही अजून बोलतो त्यावर."

पलीकडे ओबरमायर भिंतीवर ठोकून बघत होता, पोकळ कुठे आहे ते. तिच्या तळव्यांना गालिच्याचा चिकटपणा लागला होता. तिने ते स्कर्टला पुसले, पुन्हा पुसले. वास काही जाईना. इतकी वर्षं ज्या चौघांचा तिने तिटकारा केला, त्यांतला एक समोर बसून रडत होता, आणि त्याचा तिटकारासुद्धा आता तिला नीट करता येत नव्हता.

"तुला माहीत असेल असं वाटलं मला," हॉलिस जरा घाबरून म्हणाला.

"नव्हतं."

ती उठली. खिडकीशी गेली, कडी काढली आणि दोन्ही दारं उघडली. बाहेर माळी हिरवळीवर पाणी मारत होता.

"गुरुवारी हात वर करा, हॉलिस. भिंतीचा ठराव मांडा. पण नाव नको."

"अगं, पण आत्ताच तर तू..."

"इथे आता बायका बसणार. पोरं सूप सांडणार." तिचा आवाज अगदी साधा होता. "रसला ते आवडलं नसतं."

तिने ओबरमायरला हाक मारली आणि भिंत किती दिवसांत पडेल ते विचारलं.