कोणतीही तक्रार नाही

छापील: केपटाऊन, ता. ४ – मृत तरुणीचे हृदय काढून एका पंचावन्न वर्षांच्या रोग्याच्या छातीत बसविण्यात डॉक्टरांना यश आले आहे. रोगी शुद्धीवर येऊन बोलला.

समासात, शिसपेन्सिलीनं: पाहिलं कोणी?

त्याखाली, टाकानं: डॉक्टरांनी.

शिसपेन्सिल: ज्यानं बसवलं तोच म्हणते बसलं.

टाक: रोगी स्वतः बोलला आहे. वर वाचावे.

शिसपेन्सिल: काय बोलला ते काहून नाही छापलं?

ग्रामपंचायतीच्या वाचनालयात वर्तमानपत्र एक दिवस शिळं यायचं. दुपारी उमरखेडहून एसटी आली की कंडक्टर गुंडाळी खाली टाकी. वाचनालय सांभाळणारा धर्मपाल ती उचली, लाकडी पट्टीत अडकवी आणि चार वाजता मोठ्यानं वाचायला बसे. ज्यांना वाचता येत नाही असे सात-आठ जण ऐकायला येत. भिंतीवर पाटी होती, ‘वृत्तपत्रावर काहीही लिहू नये’. अक्षर धर्मपालचंच. शिसपेन्सिल बंजारा तांड्यावरच्या सेवादासकाकाजींची, हे गावाला ठाऊक होतं. टाक धर्मपालचा, हेही गावाला ठाऊक होतं. गावाला ते ठाऊक आहे, एवढंच फक्त धर्मपालला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी वाचन संपल्यावर डोमाजी न्हाव्यानं मांडी बदलली. “म्हंजे आता तो बुढा पोट्टीच्या दिलानं जगून राह्यला. घरी गेल्यावर बायकोले वळखंन, का त्या पोट्टीच्या मायले?”

“हृदय म्हणजे पंप आहे, डोमाजी. रक्ताचा पंप. माया डोक्यात असते,” धर्मपाल म्हणाला.

“मंग आतापर्यंत आमी छाती कायले पिटत होतो?”

सगळे हसले. सेवादासकाकाजी हसले नाहीत. पासष्टीचे गृहस्थ, पांढरा फेटा, कानात सोन्याची बाळी, आणि बोलण्याआधी खाकरायची सवय.

“भिया,” ते धर्मपालला म्हणाले. तांड्यात भावाला असंच म्हणतात. “मी काहून इस्वास ठेवत नाही, सांगू? सत्तावीस वर्षं डाकबंगल्यावर चौकीदार होतो मी. तिथं पावसाचं माप होतं, तांब्याचं नळकांडं. रोज सकाळी आठले पाह्याचं आन् आकडा तालुक्याले धाडाचा. आता नाल्याले पूर असला का मी तांड्यातच. मंग घरूनच अंदाज करो. दोन इंच एकतीस सेंट.”

“एकतीस काहून?” डोमाजीनं विचारलं.

“तीस लिवलं तं साहेबाले वाटंन अंदाज हाय. आन् आठ दिवसानं तोच एकतीस पेपरात! छापलेला! तुले खोटं वाटंन, पण मले सोतालेच वाटलं, बरोबर हाय बाप्पा, एकतीसच पडला.”

“एका चौकीदारानं आळस केला म्हणून पाऊस खोटा ठरत नाही, काकाजी.”

“पाऊस खराच होता ना. आकडा माहा होता.”

धर्मपालला हे टोचायचं.

छप्पन सालापर्यंत तो उकंडा होता. आधीची दोन पोरं गेली म्हणून आईनं याला जन्मताच उकिरड्यावर ठेवून परत उचललं होतं, मरणाची नजर लागू नये म्हणून. नागपूरहून दीक्षा घेऊन आला तेव्हा त्यानं नाव बदललं, घरातले देव पैनगंगेत सोडले. कोनाडा रिकामा झाला. त्यात हळूहळू कात्रणं जमली. चंद्रावर अलगद उतरलेलं यान. देवीची लस. बी-बियाणं, विजेचा पंप, क्षयावरच्या गोळ्या. वस्तीतला कोणी अंगात आल्याची गोष्ट सांगू लागला की धर्मपाल विचारी, “कशावरून?”  मग धर्मपाल कोनाड्यातून एक कात्रण काढी आणि वाचून दाखवी, आणि त्यावर ‘कशावरून’ असं कोणी विचारत नसे. विचारण्याची सवय धर्मपालनंच लावली होती, पण ती एवढी लांब पोचली नव्हती.

गेल्या वैशाखात, मूल राहू नये म्हणून बाईच्या गर्भाशयात बसवायच्या लूपचं शिबिर आलं तेव्हाही त्यानं कात्रण वाचलं. वस्तीतल्या अकरा बायका बैलगाड्यांतून तो घेऊन गेला. पहिल्या गाडीत पहिली त्याची स्वतःची बायको, इंदूबाई. तीन लेकरं झाली होती, दोघांनाही चौथं नको होतं. शिबिराच्या तंबूबाहेर त्याला कोणीतरी शाबासकीही दिली. शिबिर त्याच संध्याकाळी उठलं आणि पुढच्या गावाला गेलं.

ही झाली मागची हकिकत. आता जानेवारी. कापसाची वेचणी चालू.

छापील: आमच्या वार्ताहराकडून – जिल्ह्यात लूपला उत्तम प्रतिसाद मिळत आहे. लूप संपूर्णपणे निर्धोक असून, बसविलेल्या स्त्रियांकडून कोणतीही तक्रार नाही, असे तज्ज्ञांचे मत आहे.

शिसपेन्सिल: कोणाले विचारलं?

टाक: तज्ज्ञांनी तपासले आहे.

शिसपेन्सिल: तज्ज्ञाच्या पोटात हाय काय लूप?

टाक: (शाईचा एक ठिपका. पुढं काही नाही.)

“एका बाईचं नाव सांग,” सेवादासकाकाजी चारचौघांत म्हणाले. “एकच. जिले विचारलं असंन.”

“उद्या सांगतो. सहीनिशी आणतो.”

“आन बाप्पा. मी समासातच चिकटवतो.”

धर्मपाल घरी निघाला तेव्हा त्याच्या खिशात कागदाची घडी होती आणि त्यावर मजकूर लिहून तयार होता. ‘मी, खाली सही करणार, आठ महिन्यांपूर्वी लूप बसवून घेतली असून मला कोणताही’... इथपर्यंत. पुढचा शब्द सही घेताना लिहायचा होता.

इंदूबाई नुकतीच वावरातून आली होती. ओटीत भरून आणलेल्या कापसाच्या बोंडांची टरफलं लुगड्याला चिकटलेली, बोटांना चिरा. ती भिंतीला टेकून बसली होती. अलीकडे ती आल्याबरोबर अशी बसते, हे त्याच्या तेव्हा ध्यानात आलं. अलीकडे म्हणजे कधीपासून, ते आलं नाही.

“इंदू, लूपचा तुले काही त्रास नाही ना?”

“नाही.”

“मंग इथं सही कर.”

तिनं कागद घेतला. ग्राम शिक्षण मोहिमेच्या वर्गात धर्मपालनंच तिला अक्षरं शिकवली होती; तेव्हापासून वस्ती त्याला मास्तर म्हणे. ती सही करील असं त्याला वाटलं. ती वाचू लागली. एकेका अक्षरावर बोट ठेवून, ओठ हलवत.

“हे कायले पाह्यजे?”

त्यानं पट्टीतून सोडवून आणलेला पेपरच पुढं केला. बातमी तिनं वाचली. समास वाचला. टाकाचं अक्षर तिनं ओळखलं.

“काकाजीनं बरोबर विचारलं,” ती म्हणाली.

“तू बी त्याच्याच बाजूनं? अवं, आत्ताच तं म्हणाली त्रास नाही!”

“तुमी म्हणलं, नाही ना. मी म्हणलं, नाही.”

धर्मपाल उभा होता तो खाली बसला.

मग जे तिनं सांगितलं ते एका दमात नाही. मधे शेजारची पोर विस्तव मागायला आली, मधे धाकट्यानं पाणी सांडलं. महिन्यातले पंधरा दिवस अंगावरून जाते. कधी अठरा. वावरात दुहेरी फडकं बांधून जाते, डाग दिसू नये म्हणून कापसाच्या ओळीत मुकादमाच्या पाठीमागं राहते, पुढं चालत नाही. मागच्या पंधरवड्यात डोळ्यापुढं अंधारी आली तर म्हणाली, ऊन लागलं. पौषात ऊन. कोणी विचारलंही नाही, पौषात ऊन कसं लागते म्हणून.

“मले काहून नाही सांगतलं?”

“काय सांगू? अकराजणी तुमी नेल्या. हिरीवर त्या मले विचारत, इंदूबाई, तुले तं काही होत नाही ना? मी म्हणो, नाही वं माय. मास्तराच्या बायकोले होत नाही म्हणल्यावर त्या बी म्हणत, आमाले बी नाही.” तिनं सांडलेल्या पाण्यावर फडकं टाकलं. “मथुराबाईले खरंच काही होत नाही. ते मजेत हाय. बाकीच्यायचं मले ठाऊक नाही. त्यायले माहं ठाऊक नाही.”

धर्मपालनं पेपराकडं पाहिलं. कोणतीही तक्रार नाही. वाक्य खोटं नव्हतं. अकरा बायकांनी खरंच तक्रार केली नव्हती. यवतमाळला, नागपूरला कोणी काही रचलं नव्हतं. ते इथं, या विहिरीवर, या घरात तयार झालं होतं, आणि त्यात त्याचा हात होता.

“उद्या उमरखेडले जाऊ. दवाखान्यात.”

“दिवसाढवळ्या? एसटीनं?” इंदूबाई म्हणाली. “सारी वस्ती पाह्यन. म्हणतीन, मास्तरची बायको लूप काढाले चालली. मंग देवीच्या लसीले बी कोणी हात पुढं करणार नाही. तुमचं सारंच जाईन.”

हे तर त्याच्याही मनात आलं होतं. तिच्या तोंडून ऐकल्यावर ते भलतंच लाजिरवाणं वाटलं. आठ महिने बाई रक्त सांडत होती आणि राखत काय होती, तर त्याच्या कोनाड्यातली कात्रणं.

“जाऊ दे गेलं तं,” तो म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता, आणि ते तिला कळलंही असेल.

सकाळी वाचनालय उघडायला तो गेला तेव्हा सेवादासकाकाजी पायरीवर बसलेलेच होते.

“आणली सही?”

धर्मपालला खोटं बोलता आलं असतं. कागदावर सहीची जागा कोरीच होती, आणि इंदूची सही त्याला करता येत होती.

“विचारलं मी. त्रास आहे. भल्ला त्रास आहे.”

काकाजींचा चेहरा उजळला. “म्हणलं नव्हतं? पेपरवाले सारे झूट! चंद्र झूट, दिल झूट, लूप झूट—”

“थांबा काकाजी.” धर्मपालचा आवाज चढला. “मथुराबाईले त्रास नाही. तेही खरं आहे. आन् तुमच्या तांड्यातून त्या शिबिरात कोण गेलतं? तुमची सून धनीबाई गेलती. तिले विचारलं तुमी?”

“मी? सासरा होऊन?”

“ते सोडा. तुमच्या घरातून कोणाकडून तरी विचारवलं?”

काकाजी खाकरले. 

“पेपरवाल्यानं नाही विचारलं. मी नाही विचारलं. तुमी शिसपेन्सिल घेऊन आठ महिने नुसतं कोणाले विचारलं, कोणाले विचारलं, करून राह्यले. आन् तुमी बी नाही विचारलं.”

“मी तं शंका घेतली, भिया.”

“शंका घेतल्यानं तिचं रक्त थांबलं काय?”

बरंच बोलून गेलो असं धर्मपालला वाटलं. काकाजींनी फेटा काढून गुडघ्यावर ठेवला. टक्कल पहिल्यांदाच दिसत होतं. “सुखीबाईले सांगतो,” ते शेवटी म्हणाले. सुखीबाई म्हणजे त्यांची म्हातारी. “ते विचारंन सुनंले. नीट विचारंन.” आणि उठून तांड्याच्या वाटेला लागले, एरवीच्या दुप्पट वेगानं.

दुपारी एसटीच्या थांब्यावर चौघीजणी होत्या. इंदूबाईनं सकाळी विहिरीवर घागर भरता भरता सांगितलं होतं, मले त्रास होते, मी चालली. एवढंच. अकराजणींतली कौसल्या म्हणाली, मले बी. तिसरी नुसती पायांत चपला घालून आली. आणि मथुराबाई.

“तुले तं त्रास नाही म्हणते,” डोमाजीनं दुकानातून हाक मारली. “मंग तू कायले चालली?”

“मले त्रास नाही हे डाक्टरनीले सांगाले!” मथुराबाई कडाडली. “नाहीतं उद्या हे गाव म्हणंन, साऱ्यायलेच त्रास होते. तू तुयी कैची चालव.”

बायका हसल्या. इंदूबाई हसली आणि थांब्याच्या दगडावर बसली, दम लागून.

कंडक्टरनं गुंडाळी खाली टाकली. आज ती कोणी उचलली नाही, कारण उचलणारा उमरखेडला परत फिरणाऱ्या त्याच एसटीत चढत होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, थकलेल्या होत्या. त्यांनी इंदूबाईची पापणी खाली ओढून पाहिली आणि त्यांचा आवाज बदलला. “इतके दिवस आला का नाहीत?”

धर्मपालनं उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं.

“बसवली त्या दिवसापासून आमच्या गावाले कोणी आलं काय, बाई?” इंदूबाई म्हणाली. “आलं असतं तं सांगतलं असतं. कदाचित नसतं बी सांगतलं. पण आलं तं पाह्यजे होतं.”

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडं पाहिलं. मग परिचारिकेला पडदा ओढायला सांगितलं, आणि धर्मपालला बाहेर जायला.

काढायला पाच मिनिटं लागली. आठ महिने, आणि पाच मिनिटं. रक्तवाढीच्या गोळ्यांची पुडी मिळाली, पंधरा दिवसांनी परत बोलावलं. कौसल्या आत गेली.

इंदूबाई बाहेरच्या बाकावर येऊन बसली. धर्मपाल शेजारी. विचारायचं काय आणि कसं, हे त्यानं मनात दोनदा फिरवून पाहिलं. प्रत्येक वेळी प्रश्नाच्या शेवटी ‘ना’ येत होता. तो काढून टाकल्यावर प्रश्न फारच छोटा उरला.

“कसं वाटते?”

तिनं पुडीची दोरी सोडली, परत बांधली. अंगणातल्या निंबाखाली गाडीचे बैल उभे होते, तिकडं पाहत राहिली.

“आता सांगू का पह्यल्यापासून सांगू?”

“पह्यल्यापासून.”

“मंग नीट बसा,” ती म्हणाली. “तंबूतून भाईर आली न मी, त्याच सांजेले...”

गावाकडची साडेचारची एसटी निघून गेली. आतून मथुराबाईचा आवाज येत होता. ती डॉक्टरीणबाईंना मोठमोठ्यानं सांगत होती की आपल्याला काहीही त्रास नाही आणि हे लिहून घ्या.