जुन्या नंबरवरचा कोड

दवाखान्यातून सगळ्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर एक वाजता मोबाईलवर जायच्या. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजून गेला होता.

"घरचाच तर नंबर आहे," काउंटरवरची बाई समोर उभ्या सुनेला म्हणाली. "सासूबाईंचा."

तोच तर घोळ होता. बाळंतपणाच्या कळा सुरू असताना फॉर्म सासूबाईंनीच भरला होता, स्वतःचा नंबर घालून. बाळ चार महिन्यांचं झालं तरी तिचं स्वतःचं रडू थांबेना, म्हणून आज डॉक्टरांनी मनाचं औषध लिहून दिलं होतं. सासूबाई आधीच म्हणत होत्या, "बाळ माझ्याकडे झोपू दे. तुझं काही खरं नाही." ही चिठ्ठी त्यांनी वाचली, की बाळ तिच्या खोलीतून गेलंच.

"माझा नंबर घाला."

"घालते की. जुन्या नंबरवर कोड जाईल, तेवढा सांगा." बाईने बटण दाबलंसुद्धा.

लगेच तिचा फोन वाजला.

"सूनबाई, हा कसला कोड? तू तर केस गळतात म्हणून गेली होतीस."

"हो आई. तेवढा आकडा सांगा ना."

"केसांना कोड लागतो होय? आधी काय झालंय ते सांग, मग आकडा." मागे बाळ कुरकुरत होतं.

"राहू दे," म्हणत तिने फोन ठेवला. सात मिनिटं उरली होती.

"कोडशिवाय जमत नाही हो," बाईचा आवाज चढला. "आणि मनाचं औषध म्हणजे काही..."

"हळू बोला!" रांगेतल्या दोघींनी कान टवकारले होते. ती काउंटरवर वाकली. "फाईल कोणाची?"

"तुमची."

"फॉर्मवर सही कोणाची आहे, बघा."

बाईने कागद उलटला. सही सासूबाईंची होती.

"माझ्या सहीशिवाय माझं दुखणं दुसऱ्यांना कळवताय. तसं लिहून द्या, तुमच्या सहीने."

बाईचा चेहरा खर्रकन उतरला. तिने आत डॉक्टरांना फोन लावला, मान हलवत भराभर टाइप केलं. एकला दोन मिनिटं कमी असताना म्हणाली, "नंबर काढलाय. चिठ्ठी कागदावर घ्या."

फोन पुन्हा वाजला. "अगं, झालंय तरी काय?"

"डॉक्टरांनी औषध दिलंय, आई. कसलं, ते मला वाटेल तेव्हा सांगेन. आणि बाळ माझ्याजवळच झोपेल."

पलीकडे बाळाने भोकाड पसरलं, आणि ती दोन-दोन पायऱ्या गाळत खाली धावली.