लेपबाबांचं पांढरं नाक

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. स्टेजवर शिंपीणबाई. सकाळी तिचे हात टोमॅटोसारखे लाल होते. लेपबाबांनी लेप चोपडला, अख्ख्या हॉलला अर्धा तास डोळे मिटून श्वास ओढायला लावले, आणि डोळे उघडतात तर काय, हात पांढरेफटक! टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं.

शिंपीणबाईला रक्ताचा कॅन्सर झाला होता. धाकट्या भावाने अस्थिमज्जा दिली, कॅन्सर गेला. पण भावाच्या पेशींना बहिणीचं शरीर परकं वाटलं, आणि त्या तिच्या कातडीवरच तुटून पडल्या. मदतीला आलेला पाहुणा घराच्या भिंती फोडायला लागावा, तसं. त्यावर गोळ्या चालू होत्या. त्या लागू पडतायत का, हे बघायला डॉक्टरीणबाई, सुरुवातीला काढला होता तसाच, कातडीचा मसुराएवढा तुकडा पुन्हा काढून तपासणार होत्या. तेवढ्यात बाबा उगवले.

"हा आजार नाही, ताई!" बाबा नाक खाजवत गरजले. "हे भावाच्या मनातलं विष! मज्जा दिली, पण मनापासून नाही! गोळ्या बंद! आणि अंगाला सुरी लावलीत, तर लेप उलटेल!"

"बंद करून दोन आठवडे झाले, बाबा. तुकडाही देणार नाही." भावाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

भाऊ मागे उभा होता. त्यानेच डॉक्टरीणबाईंना ओढत आणलं होतं. त्या बाबांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. बाबांचं नाक मुळातच लालबुंद. लेपाच्या बोटांनी खाजवून खाजवून आता त्याचा शेंडा चुना फासल्यासारखा दिसत होता.

"बाबा, तुमच्या नाकातही भावाचं विष होतं का?"

"मला भाऊच नाही!"

"मग उतरलं काय?"

पहिली रांग फिसकन हसली. बाबांनी घाईघाईने नाक पुसलं, तेही लेपाच्याच हाताने. म्हणजे उरलेल्या नाकाचीही सोय झाली. मग तरातरा निघाले, ते स्वतःच्याच पिशवीत पाय अडकून आडवे. पिशवीतून घरंगळल्या चोंदलेल्या नाकात घालायच्या औषधाच्या बाटल्या!

"हाच चमत्कार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लेपात मिसळलेल्या या थेंबांनी रक्तवाहिन्या आवळतात, लाली जाते. संध्याकाळी परत येते. श्वास ओढायला लावले ते औषध चढेपर्यंत वेळ काढायला."

"पण हात तर बरे दिसतायत," शिंपीणबाई पुटपुटली.

"खाज गेली?"

ती नकळत हात खाजवतच होती. मग हात पुढे केला. "काढा तुकडा."

पांढऱ्या दिसणाऱ्या जागेचाच काढला. सूक्ष्मदर्शकाखाली आत धुमश्चक्री चालू होती, पहिल्या तुकड्यापेक्षा जास्तच. गोळ्या थांबल्याचा प्रसाद!

"नुसत्या तुकड्यावर मी ठरवत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खाज, पोट, रक्त, सगळं जुळवून बघते. पण नुसत्या रंगावर तर मुळीच ठरवत नाही."

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बहीण थांबली. "तुझ्या मनात विष नव्हतं रे."

"होतं," भाऊ म्हणाला. "त्या बाबासाठी."

मंडळी, रंग कोणीही फासू शकतो. बरं वाटतंय की बरं झालंय, हे आत बघूनच कळतं. म्हणून तपासा. आणि तपासायचं म्हटलं की ज्याला घाम फुटतो, त्याच्या हातात आपलं माणूस देऊ नका.