पंपाची जागा

“पंप चालू आहे ना?” लॅमेक म्वालेने विचारलं.

“चालू म्हणजे? अकरा वर्षांत एकदा बिघडला नाही,” गावप्रमुख बिझेक म्हणाला.

“मग बायका ओढ्याचं पाणी का आणतात?”

“खोड. दुसरं काय?”

चटईवर बसलेल्या बायकांत कोणीतरी खुदकन हसलं. ओढा पंपापेक्षा दुप्पट लांब होता.

लॅमेक वीस वर्षं हेच काम करत होता. संस्था बदलायच्या, टोपीवरचं नाव बदलायचं, कचेरी तीच राहायची. तो मात्र डेड्झा जिल्ह्याच्या डोंगरातल्या गावांत सायकलने जायचा, लोकांना काय हवं ते विचारायचा आणि अर्ज भरायचा. या खेपेला पाच वर्षांच्या योजनेसाठी गरजा लिहायच्या होत्या. बिझेकने शाळेला पत्रे आणि एक गिरणी सांगितली. बायकांनी माना डोलावल्या.

अर्ज भरून झाला होता. तरी लॅमेक सायकल झाडाला टेकवून एनेलेसी नावाच्या म्हातारीबरोबर ओढ्याकडे निघाला.

“आजी, पंपाचं पाणी खारट आहे का?”

“गोड आहे म्हणतात. बाप्ये येता-जाता पितात की.”

“मग?”

तिने डोक्यावरची रिकामी बादली सावरली.

“पंपाची वाट मसणवटीतून जाते, पोरा. माणूस पुरायला तिथं जातात. रोज बादली डोक्यावर घेऊन मेलेल्यांच्या अंगावरून जायचं का? गेल्या पावसात हगवण लागली, त्यात माझी नात गेली. ओढ्याच्याच पाण्यानं. मला काय कळत नाही?”

“जागा ठरवली तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?”

“विचारलं कोणी? एक सायकलवाला आला होता. प्रमुखाकडं कोंबडी खाऊन गेला.”

लॅमेकने टोपी काढली. “तो मीच होतो, आजी.”

त्याला पंपाचा तो अर्ज आठवला. ‘जागेबद्दल स्त्रियांना विचारले का?’ ऊन कलत होतं, अजून दोन गावं बाकी होती. त्याने ‘होय’वर खूण केली होती.

एनेलेसीने त्याच्याकडे नीट पाहिलं. “तेव्हा केस काळे होते तुझे,” ती म्हणाली आणि बादली बुडवायला वाकली.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा सगळ्यांना बोलावलं. अकरा वर्षांपूर्वी आपण काय केलं ते उभं राहून सांगितलं. मग त्याने बायकांना विचारलं, “आता काय करायचं? नवा पंप मी मागेन, पण मिळेलच असं सांगत नाही.”

“नवा कशाला?” एनेलेसी म्हणाली. “मसणवट सोडून पलीकडून वाट द्या. प्रमुखांच्या मक्यातून.”

“ती जमीन माझ्या आईकडून आलीय,” बिझेक म्हणाला. “वाट दिली की उद्या शेळ्या येतील, परवा सायकली.”

“शेळ्या आम्ही हाकू,” मागून त्याची बायको म्हणाली. ती आजवर सभेत बोलली नव्हती. “मीसुद्धा ओढ्यावरच जाते. तुम्ही सकाळी पिता ते कुठलं पाणी आहे वाटतं तुम्हाला?”

कोणी हसलं नाही. बिझेक उठला, कुदळ घेतली आणि शेताकडे चालू लागला. मागोमाग गाव गेलं. दोन बायका शेजारीशेजारी चालू शकतील एवढी पट्टी त्याने आखली. एक बोटभरही जास्त नाही.

कचेरीत लॅमेकच्या साहेबांनी अहवाल चाळला. “वाट? ही काय गरज झाली? याला रकानाच नाही.”

“नसू दे. झालीय ती,” लॅमेक म्हणाला. “अकरा वर्षांपूर्वीचा अर्ज मात्र दुरुस्त करायचा आहे.”

“जुने अर्ज कोण बघतो?”

त्याने तरी तो शोधून काढला, ‘होय’ खोडून ‘नाही’ केलं आणि खाली सही केली.

पुढच्या आठवड्यात तो गावात गेला तेव्हा पंपावर रांग होती. एनेलेसीने पेला भरून आणला. पाहुण्या पुरुषाला पाणी देताना बायका गुडघे टेकतात, तशी ती एक हात जमिनीवर ठेवून वाकू लागली. तिच्याआधी लॅमेकच मातीत बसला आणि दोन्ही हातांनी त्याने पेला घेतला.