अठरावी सायकल

बांध फुटून दीपनहळ्ळीच्या तळ्याचं पाणी गेलं, होड्या चुलीत गेल्या आणि कोळ्यांनी सायकली घेतल्या. सगळे मारतहळ्ळीजवळच्या कारखान्यात लागले. मीही लागलो, तोही टाइमकीपर म्हणून. कोण किती उशिरा आलं ते लिहायचं. या कामाला माझ्याइतका नालायक माणूस शोधून सापडला नसता.

आमच्या घराण्याकडे बांधावरचा दगडी खांब. रोज दिवेलागणीला वर चढून दिवा लावायचा, तो बघून होड्या काठाला यायच्या. शेवटची होडी आल्याशिवाय दिवेवाल्याने जेवायचं नाही, हा पिढीजात नेम. तळं रिकामं झालं तरी माझे वडील, आप्पाजी, तेलाचा बुधला घेऊन चढतच होते. साल १९५८, वय सत्तर.

कारखान्यातले, शहरातल्या राजाजीनगरचे कारकून मला विचारायचे, "काय रघुजी, काल किती जहाजं लागली?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. मी स्वतःला सुधारक समजत होतो. रोज दोन वर्तमानपत्रं घेत होतो, पैकी एक वाचतही होतो.

शेवटी एका सकाळी मी फर्मान सोडलं. "आप्पाजी, पाणी नाही, होड्या नाहीत. दिवा कुणासाठी? लोक हसतात."

आप्पाजींनी माझ्याकडे नीट पाहिलं. "सरी," म्हणाले, म्हणजे ठीक आहे. वादासाठी तयार केलेलं माझं भाषण वाया गेलं.

त्या संध्याकाळी सुटी झाल्यावर कारखान्यात नेहमीसारखा पत्त्यांचा एक डाव टाकला, मग आणखी एक, आणि निघालो. कोरड्या तळ्यातून गावाकडे सरळ पायवाट होती, दोन्ही बाजूंना दलदल. ही वाट मी डोळे मिटून कापतो, असं चारचौघांत सांगायचो. आधी पुढचं चाक रुतलं, मग मी, थेट मांडीपर्यंत. तेव्हा कळलं की इतके दिवस मी दिव्याकडे बघत येत होतो.

हाक मारायची लाज वाटली. चिखल कमरेला लागल्यावर लाज गेली. जुना कोळी देवाप्पा कंदील घेऊन आला आणि त्याने आधी मला, मग सायकलीला जाळ्याच्या दोराने ओढून काढलं.

"आप्पाजींनी धाडलं," तो म्हणाला. "बांधावर बसून मोजतात न्हवं. सतरा सायकली आल्या, एक न्हाई."

"रोज मोजतात?"

"मग? नेम मोडतील होय? शेवटची सायकल आल्याबिगर जेवत न्हाईत. आन शेवटची तुमचीच की, रघुअण्णा."

पचत नाही म्हणून आप्पाजी उशिरा जेवतात, असं मला वाटायचं. मी त्यांना ओवा खायचा सल्लाही दिला होता. आता वाटेत त्या ओव्याची आठवण झाली आणि मला माझीच किळस आली.

बांधावर आप्पाजी अंधारात बसले होते. एकाच पायात चप्पल घालून मी त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"उद्यापासून दिवा मी लावतो," मी म्हणालो.

"त्यासाठी दिवेलागणीला घरी यावं लागतं," ते म्हणाले. मग माझ्या सायकलीकडे बोट करून पुटपुटले, "अठरा." आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"चल. भूक लागलीय."