मार्ताचे चाळीस पौंड

कोठार साडेनऊला पाडणार होते, पण स्टेफा आठ वाजल्यापासून रस्त्यापलीकडे घडीची खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर थर्मास, शेजारी खसखशीच्या रोलचा डबा. गावात उरलेली जेमतेम तीस माणसं, तीही आपापल्या खुर्च्या घेऊन येत होती. जत्राच भरली म्हणा ना! जन्मभर ज्याच्या सावलीत गव्हाचे ट्रक रांगेला लावले, ते पडताना बघायला लोकांना एवढा उत्साह कुठून येतो, देव जाणे.

"ओरेस्ट, ती गोणी कसली रे?" स्टेफाने हटकलं.

"गव्हाची."

"आता कोण घेणारे तुझा गहू? उंदीरसुद्धा गाव सोडून गेले."

"तू आहेस ना अजून," ओरेस्ट म्हणाला आणि पुढे झाला. स्टेफा खो खो हसली.

चौतीस वर्षं ओरेस्टने हे लाकडी कोठार चालवलं होतं. तीन वर्षांपूर्वी रेल्वेने रूळ उखडून नेले, शेतकरी चाळीस मैलांवरच्या सिमेंटच्या कोठाराकडे वळले, आणि याला कुलूप लागलं. दाराशी टेरी सिगारेट ओढत उभा होता. पाडायचं मशीन तोच चालवणार होता. त्याच्या आजोबांनी आयुष्यभर इथेच गहू घातलेला, म्हणून तो ओरेस्टला सगळ्या गावासारखाच 'दिदो' म्हणायचा, आजोबा. शेजारचं कोठार त्याने कालच झोपवलं होतं. त्यातलं लोखंड दाराजवळ कंबरभर उंच रचून ठेवलेलं.

"टेरी, दहा मिनिटं दे. एकदा वर जाऊन येतो."

"दिदो, मालकाला कळलं तर माझी नोकरी जाईल."

"तू जन्मला नव्हतास तेव्हापासून जातोय मी वर."

टेरीने इकडेतिकडे बघितलं. "दहा म्हणजे दहाच हं!"

वर जायची लिफ्ट म्हणजे माणूस कसाबसा मावेल एवढा लाकडी खोका. दोरीच्या एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी वड्यांनी भरलेली पेटी. एकेक वडी दहा पौंडांची. आपल्या वजनाइतक्या वड्या पेटीत टाकायच्या, मग ब्रेक सोडून दोरी नुसती ओढली की ऐंशी फूट वर. कोठारवाल्याची लिफ्ट त्याच्याच अंगाला बेतलेली असे, दुसऱ्याने त्यात पाय ठेवायचा नाही.

ओरेस्टच्या पेटीत मात्र चार वड्या जास्त होत्या. त्या मार्ताच्या. सहा वर्षांची पोर, बापाशिवाय घास न घेणारी. ती रोज त्याच्याबरोबर वर जायची, म्हणून त्याने चाळीस पौंड वाढवले होते. सदुसष्टच्या हिवाळ्यात मेंदूज्वराने ती चार दिवसांत गेली. पाचव्या दिवशी ओरेस्ट कामावर आला, पेटीत हात घातला, आणि त्या चार वड्या काही त्याच्याने काढवेनात. त्याने चाळीस पौंड गहू तोलून गोणीत भरला आणि गोणी खोक्यात आपल्या शेजारी उभी केली. लिफ्ट पूर्वीसारखीच अलगद वर गेली. पुढे एकोणतीस वर्षं, दर हंगामाला नवा गहू. तपासनीस विचारायचे, ही काय भानगड? तो म्हणायचा, सवय.

आज शेवटचं वर जायचं, आणि उतरल्यावर पेटीतल्या सगळ्यात वरच्या त्या चार वड्या घरी न्यायच्या. एवढंच त्याच्या मनात होतं. टेरीला तो काही बोलला नाही. काय सांगणार, कपाळ?

गोणी घेऊन तो खोक्यात शिरला, ब्रेक सोडला, आणि लिफ्ट सुटली ती सुटलीच! दोरीने तळहात सोलवटले, ब्रेक किंचाळला, कबुतरं फडफडून उठली. वरच्या फळीला दाणकन धडकून खोका थांबला. त्याने खाली यायला दोरी ओढली. हलेना. सगळं अंग टाकून ओढली, तरी हलेना.

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. गेल्या वर्षी पोटाचं ऑपरेशन झालं होतं. अंगावरचं मांस झडून कपडे लोंबायला लागले होते. मार्ताचं वजन त्याने आज पहाटे दाण्यादाण्याने तोललं होतं आणि स्वतःचं विसरला होता, गाढव!

"दिदो, ठीक आहात ना?" खालून टेरी ओरडला.

"अडकलोय! वजन जास्त झालंय पेटीत!"

"ब्रेक लावून ठेवा! पेटी इथेच आलीये, मी काढतो वड्या!"

"थांब! थांब टेरी!"

"घाबरू नका हो! झालंच!"

ठण्ण. ठण्ण. त्याने दोनदा जीव तोडून हाक मारली, पण आता टेरी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. त्याला म्हातारा जिवंत उतरवायचा होता. ठण्ण. ठण्ण. आणखी एक, ठण्ण.

लिफ्ट अलगद खाली आली. टेरीचा चेहरा घामाने डबडबला होता. ओरेस्टने त्याला बाजूला सारलं आणि पेटीजवळची जमीन बघितली. रिकामी.

"कुठे टाकल्यास?"

"काय?"

"वड्या!"

टेरीने दाराबाहेरच्या ढिगाकडे बोट केलं. कालच्या कोठाराच्या वड्या त्यातच होत्या, त्याच कारखान्याच्या, त्याच साच्यातल्या, तसाच गंज चढलेल्या. टेरीच्या हातच्या काही वर राहिल्या होत्या, काही गडगडत खाली गेल्या होत्या. ओरेस्ट गुडघ्यांवर बसला. एक उचलली, उलटी केली, ठेवली. दुसरी. तिसरी. बत्तीस वर्षांत त्याने त्यांच्यावर साधी खडूची रेघ ओढली नव्हती, कारण त्या वरच असायच्या.

"माझ्या मुलीच्या होत्या," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

टेरी त्याच्या शेजारी उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "दिदो, सगळ्या दहा-दहा पौंडांच्याच आहेत. कुठल्याही चार न्या ना."

ओरेस्टने हातातली वडी ढिगावर ठेवली. आत जाऊन गोणी छातीशी धरून उचलली आणि रस्ता ओलांडला.

मशीनने पायथ्याचा एक कोपरा खाल्ला, दुसरा खाल्ला. कोठार जरासं वाकलं, क्षणभर थबकलं आणि आडवं झालं. धुळीत तीस वर्षांपूर्वीच्या गव्हाचा वास होता. कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि लगेच थांबवल्या.

"अरे, ती गोणी ठेव की खाली," स्टेफा म्हणाली. "केवढी जड असेल!"

इतकी वर्षं ती गोणी त्याच्या शेजारी उभी असायची आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला मार्ताच्या वड्या तिला तोलून धरायच्या. आज त्याचे हात भरून आले.

"हो," ओरेस्ट म्हणाला. "जड आहे." आणि त्याने ती खाली ठेवली.